सव्वापाचची ओहोटी

इसाजी,

शनिवारी तू फोनवर म्हणालास, "एवढे दिवस थांबलो, आणखी आठ दिवस थांबतो." आणि पाचव्या दिवशी गेलास. तू असा नव्हतास. फाउंड्रीत भोंगा व्हायच्या आधी पाच मिनिटं तू दारात उभा असायचास. वेळ दिली की दिली. मग हे काय केलंस? चार आठवडे होऊन गेले, मी हेच विचारतोय. भांडी घासताना विचारतो, दाढी करताना विचारतो. सूनबाई म्हणते, "बाबा, कुणाशी बोलताय?" मी सांगतो, रेडिओशी.

त्या गुरुवारी सकाळी मी लसूण सोलत बसलो होतो. फोन वाजला, वर तुझं नाव. माझ्या फोनात तुझं नाव इसाजी असंच घालून घेतलंय. पासपोर्टातला तो आयझॅक कोण, मला माहीत नाही. मला नवल वाटलं. तुझा फोन शनिवारचा. आकाशात चांदणी दिसली, सबाथ, तुमचा विश्रांतीचा दिवस, सुटला, की तुझा फोन. गुरुवारी सकाळी कसा? मी उचलला आणि म्हणालो, "काय रे शनवारतेल्या, म्हातारपणी वार विसरलास काय?"

तुझ्या आजाचा नागावात तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असायचा. गावानं तुम्हा सगळ्या यहुदी तेल्यांना तेच नाव पाडलं. दुसरं कुणी तुला तसं म्हटलं असतं तर तू कानाखाली वाजवली असतीस. मी म्हटलं की हसायचास.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. मग पोरीचा आवाज आला.

"अंकल, मी रिबेका बोलते. डॅड गेला."

मी विचारलं, "कुठं गेला?"

खरंच विचारलं. मला वाटलं, डॉक्टरकडे गेला असेल, फोन घरी विसरला असेल. ती म्हणाली, "नाही अंकल. तो सकाळी उठला नाही." मी म्हटलं, "मग उठव त्याला." ती रडायला लागली तेव्हा मला कळलं. माझ्या हातात लसणाची पाकळी होती. ती मी किती वेळ सोलत राहिलो देव जाणे. सूनबाईनं हातातून काढून घेतली तेव्हा तिचा चेंदा झाला होता.

तुमच्यात घाई फार. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सबाथ लागायच्या आत सगळं उरकायचं म्हणून सकाळीच तुला मातीत द्यायचं ठरलं. मी अजून "गेला" हा शब्द गिळत होतो, आणि सूनबाई गाडी काढून उभी. बर्मिंगहॅममधल्या आपल्या त्या दुकानातून मी झेंडूची माळ घेतली, चांगली हातभर लांब. रस्ताभर मांडीवर घेऊन बसलो. एजवेअरला तुझ्या घरी थांबलोच नाही, थेट दफनाच्या जागी. साधी लाकडी पेटी. वर फोटो नाही, हार नाही, काही नाही. मी माळ काढून पुढं झालो तर रिबेकानं हळूच माझा हात धरला.

"अंकल, आमच्यामध्ये फुलं नाही ठेवत. छोटी दगड ठेवते. इट्स ओके, तुम्ही माळ घरी ने."

दगड! तुझ्या डोक्यावर दगड ठेवायचा म्हणे. मी तिथं माळ हातात घेऊन उभा, लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलेल्या माणसासारखा. पन्नासहून जास्त वर्षं तुझ्याबरोबर काढली आणि मला एवढं माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. मी कधी विचारलं नाही.

माती टाकायची वेळ आली. मी तीन फावडी टाकली आणि सवयीनं फावडं पुढच्या माणसाच्या हातात दिलं, दांडा त्याच्याकडे करून, फाउंड्रीत आपण द्यायचो तसं. तो घेईना. मातीकडे बोट दाखवलं. तुमच्यात फावडं हातोहात देत नाहीत, जमिनीत खोचून ठेवायचं, पुढच्यानं आपण होऊन उचलायचं. म्हणजे दुःख कुणी कुणाच्या हातात देत नाही, असं रिबेका नंतर म्हणाली. तिथंही मी चुकलो. एका सकाळी दोनदा. तू असतास तर महिनाभर चिडवलं असतंस.

पण माझी खरी चूक ती नाही. ती तुला माहीत आहे. तीच लिहायला बसलोय.

पहिल्यांदा भेटलो ते आठवतं का? मी जहाजावरनं उतरून फाउंड्रीत लागलेलो, आठवडाच झाला होता. कँटीनमध्ये डबा उघडला, सुक्या जवळ्याची चटणी. गोरे नाक धरून उठले. मागच्या टेबलावरनं आवाज आला, "जवळा!" मी असा चमकलो की पाव खाली पडला. तू म्हणालास, "आम्ही खात नाही. खवलं नसलेलं आम्हाला चालत नाही. पण वास घेऊ दे बावा, सगळ्या अलिबागचा वास आहे ह्याला."

मी विचारलं, "कुठनं आलास?"

"अलिबागहून."

मला वाटलं हा चेष्टा करतोय. मुंबईच्या लोकांनी "अलिबागसे आया क्या" म्हणून आपल्याला जन्मभर पिडलंय. मी बाह्या सरसावल्या. तू म्हणालास, "अरे खरंच. नागावचा मी. तू?" मी म्हटलं, थळचा. दोन गावांत सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचावं एवढं अंतर, आणि आपण भेटलो बर्मिंगहॅमला, जवळ्याच्या वासावर.

त्याच दिवशी पहिलं भांडण. विषय कुलाबा किल्ला. अलिबागच्या समोर समुद्रात उभा आहे, ओहोटीला चालत जायचं, भरतीला वाट बुडते. मी सांगितलं, मी पोरपणी कंबरभर पाण्यातनं गेलोय. तू म्हणालास, मी छातीभर. मी म्हटलं, तुझी छाती माझ्या कमरेला लागते. ते भांडण कधी मिटलं नाही. आपल्याला ते मिटवायचंही नव्हतं.

माझी बायको सखू गेली तेव्हा तू आलास. उकडलेली अंडी घेऊन आलास. सुतकाच्या घरात अंडी! तुमच्यात तीच नेतात म्हणे. सूनबाई कावरीबावरी झाली. तू जमिनीवर बसलास आणि बोलेनास. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मला राग आला, म्हटलं हा आलाय कशाला? तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "सखूला खाडीची माणसं आवडायची नाहीत, म्हणायची सगळी भांडखोर." तेव्हा तू तोंड उघडलंस. तुमच्यात आधी दुःखातल्या माणसानं बोलायचं असतं, आलेल्यानं नाही. तोवर गप्प बसायचं. मला चार बुकंही धड आली नाहीत, पण एवढं शहाणपण मी कुठल्या शिकलेल्या माणसात पाहिलं नाही. तुझे आभार मी मानले नाहीत. अंडी मात्र खाल्ली.

मग मागच्या उन्हाळ्यात तुझा फोन. "धर्म्या, स्कॉटलंडात कुलाबा सापडला!"

रिबेकानं तुला फोनवर फोटो दाखवला होता. पाण्यात खडक, खडकावर पडका किल्ला, आणि किनाऱ्यापासून वाळूची वाट. भरतीला बुडणारी, ओहोटीला उघडणारी. तू म्हणालास, "मरायच्या आत एकदा पाण्यातल्या किल्ल्यावर चालत जायचंय. अलिबागला आता कोण नेतंय? हा इथंच आहे." रिबेका मागनं म्हणाली, "अंकल, चला ना. खूप जुना लेक आहे. तिकडे लॉख म्हणते."

मी म्हटलं, "लेक म्हणजे तळं. तळ्याला भरती असते का? ही खाडी आहे."

तू म्हणालास, "त्यांच्यात तळ्याला लॉख आणि खाडीलाही लॉख. एका शब्दात भागवतात. तू ये, तिथं जाऊन भांड."

आलो. सप्टेंबरमध्ये, रिबेकाच्या गाडीतनं, ग्लासगोवरनं वर. तुझ्या मांडीवर मलिद्याचा डबा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, खजूर. किल्ल्यावर बसून तुमच्या पैगंबर एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन खायचा म्हणून तू हातानं केला होतास. मला एक चमचा देईनास. "किल्ल्यावर," म्हणायचास. आपल्या दोघांचे मिळून चार गुडघे, त्यातला एक चांगला, तोही तुझा. पण तू असा बसला होतास, जसा शाळेच्या सहलीला निघालेला पोर.

आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मी माती खाल्ली.

रिबेका फोन बघून म्हणाली, "अंकल, लो टाइड पाऊण वाजता आहे. आत्ता निघाली तर बरोबर पोचेल."

मी म्हटलं, "आज पौर्णिमा. पंधरा तिथी, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, त्यावर सहा तास, सव्वापाचला ओहोटी. पाऊण वाजता तिथं गळ्याएवढं पाणी असणार."

हा हिशोब माझ्या बापाचा, त्याच्या बापाचा. थळच्या किनाऱ्यावर एकदाही चुकला नाही. बोटी त्यावर सुटल्या, जाळी त्यावर लागली. मला शाळा नाही, पण हे होतं. एका पोरीचा फोन मला समुद्र शिकवणार?

तू चहा ढवळत म्हणालास, "बावा, इथं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करतात. समुद्राला कळवलंस का?"

"समुद्राला घड्याळ नसतं. चंद्र एकच आहे."

"चंद्र एक आहे रे. किनारे दोन आहेत."

मी म्हटलं, फोनच्या सांगण्यावर जायचं असेल तर तुम्ही बापलेक जा, मी इथंच बसतो. म्हटलं आणि हाताची घडी घालून बसलो. ऐंशी वर्षांचा घोडा. रिबेका तुझ्याकडे बघायला लागली. तुला माहीत होतं, पोरीचं बरोबर आहे. तरी तू कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "सव्वापाच तर सव्वापाच. ह्याला टाकून मला किल्ला बघायचा नाही."

दुपारी पाऊण वाजता आपण एका दुकानात लोकरीच्या टोप्या बघत होतो. तू एक घालून आरशात पाहिलीस आणि म्हणालास, "खलाशी दिसतोय की हजाम?" मी म्हटलं, हजाम. आपण हसलो. इसाजी, त्या वेळी तिकडं वाट उघडी होती. कोरडी वाळू. तू सरळ चालत गेला असतास. माझ्या डोळ्यासमोरनं ती वाट हलत नाही. तू त्या भिकार टोपीत उभा, आणि तिकडं ती वाट तुझ्यासाठी उघडी, आणि मध्ये मी.

पाचच्या आत पोचलो. काय जागा होती ती! सगळीकडे डोंगर, मध्ये काळंनिळं पाणी, आणि खडकावर तो किल्ला. छप्पर नाही, भिंती उभ्या, खिडक्यांच्या भोकांतनं आभाळ. माणूस नाही काणूस नाही. तू गाडीतनं उतरलास आणि टोपी काढलीस. "कुलाबाच," म्हणालास. हळूच म्हणालास.

कुत्रं घेऊन एक गोरा म्हातारा चालला होता. तो म्हणाला, "टाइड्स कमिंग इन, जेंटलमेन." मी त्याला म्हटलं, "आय नो सी." त्यानं मान हलवली आणि गेला. तुझ्या किल्ल्याचं नाव त्यांच्या जुन्या भाषेत कोरडा किल्ला असं आहे, ते रिबेकानं वाचून दाखवलं. समोर वाटेवर पाणी.

मी म्हटलं, "उतरतंय. अर्धा तास थांब."

तू काठाशी गेलास. खाली वाकून बघितलंस. आणि मला म्हणालास, "धर्म्या, शेवाळ बघ."

आता हे नीट ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शेवाळ मी तुझ्या आधी पाहिलं होतं. गाडीतनं उतरल्या उतरल्या पाहिलं होतं. पाणी उतरताना शेवाळाचे शेंडे समुद्राकडे असतात, चढताना जमिनीकडे. थळच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिथं सगळे शेंडे आपल्याकडे वळले होते. भरती चढत होती, पौर्णिमेची, उधाणाची. मला त्याच क्षणी कळलं की मी चुकलोय, सकाळपासून चुकलोय, आणि तुझा दिवस मी घालवलाय. कळलं आणि मी काय केलं? बूट काढले. पँट गुडघ्यावर घेतली आणि पाण्यात शिरलो. म्हटलं, "कंबरभर पाण्यातनं गेलेला माणूस आहे मी."

पाणी नव्हतं ते, सुया होत्या. घोटा, गुडघा, मांडी. मागनं तू ओरडत होतास. मला ऐकू येत होतं. मग पाण्यात खळबळ झाली आणि माझा पट्टा मागनं कुणी तरी धरला. तू बुटांसकट आत आला होतास. ब्याऐंशी वर्षांचा, रोज काळजाच्या तीन गोळ्या घेणारा माणूस.

"फीर. धर्म्या, माघारी फीर."

"सोड. पोचलोच."

"अरे कुठं पोचलास? फीर म्हणतो ना, गाढवा!"

मी फिरलो, तेव्हा ओढ लागली आणि तुझा पाय घसरला. तू पाण्यात बसलास, छातीपर्यंत. मी तुला काखेत हात घालून उचललं. तू हलका होतास, इसाजी. मला भीती वाटली एवढा हलका होतास. रिबेका धावत आत आली आणि तिनं दोघांना ओढून काढलं. तोंडानं इंग्रजीत काय काय म्हणत होती, सगळं कळलं नाही, पण मला उद्देशून होतं एवढं कळलं.

गाडीत हीटर लावला. तुझे दात वाजत होते. तो कुत्रेवाला परत आला, त्यानं आपल्या गाडीतली घोंगडी दिली. त्यानं एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही. मला ते जास्त लागलं. काचेतनं किल्ला दिसत होता, आणि चोहोबाजूनं पाणी चढत होतं. तू म्हणालास, "रिबेका, डबा उघड." आणि आपण मलिदा खाल्ला. गाडीत, ओल्या पँटीनं. तू नाव घेतलंस, मी हात जोडले. गोड होता. अजून जिभेवर आहे.

मग तू मूठ पुढं केलीस. पाण्यात पडलास तेव्हा तळाचा एक दगड तुझ्या हातात आला होता. काळा, गुळगुळीत, लिंबाएवढा.

"हा पुरावा," तू म्हणालास. "सव्वापाचला इथं पाणी होतं. तुझ्याजवळ ठेव. ज्या दिवशी कबूल करशील, त्या दिवशी मला परत दे."

मी दगड घेतला. खिशात टाकला. आणि म्हणालो, "ह्यांचं पाणीच उलटं आहे."

तू इतका हसलास की तुला ठसका लागला. रिबेका पण हसली, डोळे पुसत. म्हणाली, मे महिन्यात परत आणते दोघांना, पण टाइम मी ठरवणार. मला तेव्हा एक शब्द बोलायचा होता. पोरीसमोर, तुझ्यासमोर. मी खिडकीतनं बाहेर बघत राहिलो.

त्यानंतर दर शनिवारी, फोन ठेवायच्या आधी, तुझं ठरलेलं. "मग? भरती किती वाजता?" मी म्हणायचो, "ठेव फोन." तू खिदळत ठेवायचास.

पण मी गप्प बसलो नव्हतो, हे तुला माहीत नाही. सूनबाईकडनं मी त्या लॉखचं भरतीचं टाइम रोज काढून घ्यायचो आणि कॅलेंडरवर तिथीखाली लिहायचो. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. सूनबाईला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालंय. इसाजी, बापाचा हिशोब खोटा नाही. तिथीचे पाऊणपट बरोबर आहेत. फक्त त्या किनाऱ्यावर वर सहा तास घालायचे, आणि उन्हाळ्यात घड्याळाचा एक. म्हणजे आपल्या अलिबागला जेव्हा भरती, तेव्हा तिकडं ओहोटी. बरोब्बर उलटं. चंद्र एक, किनारे दोन. तू चहा ढवळता ढवळता म्हणालास ते मला कळायला तीन महिने आणि तीन पानं लागली.

त्या शेवटच्या शनिवारी मी हे सांगणार होतो. मनात ठरवलं होतं. तव्यावर बोंबील टाकले होते, तुझा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग तू म्हणालास, "मग? भरती किती वाजता?" मी तोंड उघडलं. आणि तव्याकडे वळलो. मी म्हणालो, "पुढल्या शनिवारी सांगतो. बोंबील जळतायत."

तू ओळखलंस. माझा आवाज बदलला, तो तू ओळखलास. एरवी खिदळणारा तू, थांबलास. मग म्हणालास, "एवढे दिवस थांबलो, आणखी आठ दिवस थांबतो."

बोंबील जळत नव्हते, इसाजी.

तुझ्या घरी सात दिवस सगळे खाली बुटक्या स्टुलांवर बसले होते. मी तिसऱ्या दिवशी ट्रेननं एकटा आलो. ह्या वेळी मला माहीत होतं, आपण आधी बोलायचं नाही. रिबेकासमोर बसलो. मग ती म्हणाली, "अंकल, एक विचारते. डॅड दर शनिवारी तुम्हाला भरती किती वाजता विचारायचा. मग एकटाच हसत बसायचा. त्याचं मीनिंग काय?"

बघ, तुझी पोर. अचूक तिथंच बोट. आणि मी, सगळं माहीत असलेला मी, म्हणालो, "काही नाही गं. आमचं आपलं असंच."

दुसऱ्यांदा. तू मातीत गेल्यावरही मी कबूल केलं नाही. परतीच्या ट्रेनमध्ये मला माझीच लाज वाटली. समोरच्या बाईनं विचारलं, यू ऑलराइट, लव्ह? मी म्हटलं, नो. आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं.

आणखी एक गोष्ट मी रिबेकाला विचारलेली नाही. ते थंड पाणी तुझ्या काळजाला बाधलं का? मध्ये पाच महिने गेले, तू धडधाकट होतास, डॉक्टर काही म्हणाले नाहीत, हे मला माहीत आहे. तरी विचारायची हिंमत होत नाही. ती नाही म्हणाली तर मला पटणार नाही, हो म्हणाली तर काय करू?

तो दगड स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सूनबाईनं दोनदा बागेत टाकायला घेतला, दोनदा मी ओरडलो. ज्या दिवशी तुला माती दिली त्या दिवशीही तो तिथंच होता. मी झेंडूची माळ घेऊन आलो आणि दगड घरी ठेवून आलो. तुमच्यात दगड ठेवतात हे मला कुणी सांगितलं असतं तर! नाही, कुणाला कशाला नाव ठेवू. तू सांगितलं होतंस. कबूल करशील त्या दिवशी परत दे, म्हणाला होतास. मला वाटलं तुला हातात द्यायचाय.

रिबेका म्हणाली, तीस दिवस झाले की रविवारी तुझ्याकडे जायचं. तो रविवार परवा आहे. मी जातोय. हे पान खिशात असेल, आणि दगड. रिबेकाला मराठी वाचता येत नाही, ऐकता येतं, म्हणून हे सगळं तिला तिथं उभा राहून वाचून दाखवणार आहे. शेवाळाचं पण. काय म्हणायचं ते म्हणू दे. मग मी तिला माझ्या तोंडानं ते पाण्याचं विचारीन.

रविवारी पंचमी आहे. पाचाचे पाऊणपट पावणेचार, वर सहा. म्हणजे त्या लॉखवर पावणेदहाला भरती आणि दुपारी पावणेचारला वाट उघडी. घड्याळ अजून पुढं केलेलं नाही, ते मी बघितलंय. पावणेचारच्या ठोक्याला मी तुझ्या मातीवर दगड ठेवणार. त्या वेळी कुणी अडवणार नाही, कोरडी वाळू असेल. तू चालत जा. टोपी घालून जा, चांगली दिसत होती ती तुला. मी उगीच हजाम म्हटलं.

आणि हातात देत नाही हं. जमिनीवर ठेवतो. तू आपण होऊन उचल.

इसाजी, सव्वापाचला भरती होती.